चार खांद्यांची खुर्ची

उज्जैनला क्षिप्रेकाठी एक धर्मशाळा आहे. तिच्या कोठीत, पोत्यांच्या मागे, एका अंगावर कललेली जी वस्तू दिसते ना, ती मी. मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे.

माझा जन्म माधव नगरातल्या एका ओसरीवर झाला. साल छप्पन्न. मधुकर नावाचा तरुण बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. त्याची थोरली बहीण अक्का बऱ्हाणपूरला असे. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. संधिवातानं तिचे पाय गेले, तेव्हा तिनं भावाकडे एकच गोष्ट मागितली. वैशाखात एकदा क्षिप्रेत बुडी मारायची होती तिला.

परदेशी चाकांच्या खुर्चीची किंमत मधुकरला झेपण्यासारखी नव्हती. मग देवास गेटच्या बाजारातून त्यानं एक जुनी हातांची खुर्ची आणली, फ्रीगंजच्या सायकलवाल्याकडून दोन चाकं आणली आणि बसायला खाटेची नवार विणली. पुढचं लहान चाक मात्र मिळेना. त्याची नजर घरातल्या, लेकीच्या पांगुळगाड्यावर गेली.

"अहो, जयू अजून पाऊल टाकत नाही," त्याची बायको सुलू म्हणाली. "सव्वा वर्षाची झाली. इथं माझ्या जिवाला घोर लागलाय, आणि तुम्ही तिचंच चाक काढताय?"

"दुसरं बसवून देतो."

"द्याल हो. तुमचं 'देतो' मला ठाऊक आहे." पण पाना तिनंच आणून दिला.

राहिल्या घाटाच्या पायऱ्या. मधुकरनं त्यांची उंची-रुंदी मोजून वहीत मांडली आणि माझ्या दोन्ही अंगांना लांब बांबू बांधले. चौघांनी खांद्यावर उचलायचं, धक्का म्हणून लागणार नाही. मला तर स्वतःचा केवढा अभिमान वाटला!

अक्का आली. घाटापर्यंतचा रस्ता तिनं माझ्यात बसून मान वळवून वळवून पाहिला. "टांग्यात मला बोचक्यासारखं कोंबतात रे मधू. आज दुकानं बघत आले."

घाटावर चौघांनी बांबू खांद्यावर घेतले. दोन पायऱ्या उतरलो असू. खालून एक म्हातारा अंगावर ओला पंचा टाकून वर येत होता. त्याच्या डोळ्यांवर ऊन होतं. त्याला चार खांदे तेवढे दिसले. तो बाजूला झाला, पायातल्या चपला काढल्या आणि त्यानं हात जोडले.

अक्काचं अंग ताठ झालं. नवारीतून मला ते कळलं.

"मधू, खाली ठेव मला."

"अक्का, वीसच पायऱ्या राहिल्यात."

"तोंडात तुळशीपत्र घालायचं तेवढं राहिलंय. अरे, जिवंत आहे मी अजून. ठेव खाली."

म्हातारा ओशाळला. "माफ करना माँजी, धूप में दिखा नहीं."

"तुमची काय चूक, बाबा," अक्का म्हणाली.

सुलूनं भीत भीत विचारलं, "अक्का, तांब्या भरून आणू?"

"तांब्यानं तर मी घरीही न्हाते गं."

पाणी समोर दिसत होतं. अक्का तिथूनच परतली आणि दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरला गेली. मधुकरनं सगळं मोजलं होतं. अक्काला तेवढं विचारलं नव्हतं.

त्यानं बांबू तोडून बंबात घातले. माझ्या पाठीला मूठ बसवली, पायांशी लोखंडी कडी लावली. आता दोघं जण मला पाठमोरी वळवून एकेक पायरी उतरवू शकत. मग त्यानं मला घाटाजवळच्या या धर्मशाळेत ठेवलं. इथल्या यात्रेकरूंनी मला वापरून पाहिलं आणि वाहवा केली. कार्तिकात ये, असं मधुकरनं अक्काला लिहिलं. ती हो म्हणाली.

पण नोव्हेंबरात आमचं मध्य भारत राज्य जाऊन नवं मोठं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. मधुकरची बदलीही तिकडेच झाली. 'बिऱ्हाड लावतो, मग माघात जाऊ,' त्यानं कळवलं. अक्काचं कार्ड आलं, 'माघ तर माघ. नदी काही पळून जात नाही.'

पौषात अक्काच गेली.

मधुकर तिच्या अस्थी घेऊन आला. विसर्जन झाल्यावर तो धर्मशाळेत आला आणि प्रथमच माझ्यात बसला. खरंच मित्रांनो, तोवर तो एकदाही बसला नव्हता! दोन सेवकांनी त्याला घाटावर पाठमोरा उतरवायला घेतलं. चौथ्या पायरीवर त्यानं माझे हात घट्ट धरले.

"थांबा. यातून नदी दिसतच नाही. पाठीमागे काय आहे तेही कळत नाही."

"सबको ऐसे ही उतारते हैं, भाईसाहब."

"कुणी कधी काही म्हटलं नाही?"

"कहते क्या? डर के आँखें मूँद लेते हैं."

मधुकर माझ्यातून उतरला. मग पायरीवर वही उघडून त्यानं नवा नकाशा काढला. बसणाऱ्याचं तोंड नदीकडे असलेला. गाडीची वेळ झाली तशी वही मिटून तो गेला. पुन्हा त्याला रजा मिळाली नसावी.

मी आणखी कितीतरी वर्षं माणसं उतरवली. सगळी पाठमोरी. मग चाकाच्या तारा तुटल्या, आणि मला कोठीत ढकललं.

मला तेलपाणी करा, असं मी म्हणत नाही. पण तुम्ही उद्या अशा कुणासाठी काही बनवाल, तेव्हा आधी स्वतः त्यात बसून पाहा. आणि ज्याला बसायचं आहे त्याच्यापाशी जाऊन विचारा, तुम्हाला कसं जायला आवडेल? उत्तर ऐकेपर्यंत हातोडी खाली ठेवा. आणि ते माणूस हयात आहे तोवरच विचारा, मित्रांनो.