नवरदेव उतरला नि मी मागं सरले

मित्रांनो, चिखलात तोंड खुपसून पडलेली ही होडी दिसते ना, ती मीच. तोंड वर काढत नाही, कारण लाज वाटते. का, ते ऐका.

फणसाच्या लाकडाची मी. मला घडवलं तेव्हा रत्नागिरीतल्या कावळ्यांनी माझ्याकडे बघत बसून कावकाव करायची सोडली होती, एवढी मी देखणी! माझा मालक गनीचाचा मला माशाचं तेल चोळायचा. "माझी होडी म्हणजे जमीनच. उभं राहून चहा प्या," असं सगळ्यांना सांगायचा. मी फुगले. वल्हं पाण्याला मागं रेटतं म्हणून पाणी मला पुढं ढकलतं, हे रोज दिसायचं. तरी वाटायचं, सगळं माझ्या एकटीच्याच जोरावर चाललंय.

एकोणतीस साली मुंबईच्या गिरणीतला महिपत लग्नाला आला. नवरी खाडीपलीकडची, आप्पांची लेक तुळसा. वऱ्हाड माझ्यात बसलं. पलीकडे जांभ्याच्या धक्क्याशी गनीचाचा दोर बांधायला वाकला, तोवर नव्या बुटांच्या तोऱ्यात महिपतनं उडी घेतलीन. त्याच्या पायानं मला मागं रेटलं, मी मागं गेले, आणि नवरदेव मधल्या पाण्यात! पाणी असं उडालं की पार गुहागरच्या पोफळी भिजल्या.

त्याची आई सोनूबाई कडाडली, "होडी आपसूक मागं सरली! खाडीलाच सोयरीक नको हाय. वऱ्हाड फिरवा!"

"विहीणबाई, असं नका करू हो," आप्पांनी हात जोडले.

लगीन मोडलं असतं तर गाव तुळसालाच अपशकुनी म्हणालं असतं. आणि केलं कुणी? मी. वाटलं, बुडून जावं. पण मेली ओहोटी, बुडायलासुद्धा पाणी पुरेना.

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत तुळसाच धक्क्यावर आली. "गनीचाचा, मला होडीत घ्या."

"भिजशील गो पोरी."

"भिजायलाच आलेय."

चढली, आणि महिपतसारखीच उडी मारलीन. मी परत मागं! नवरी, हळदीची साडी, सगळं पाण्यात. मला तर कुठं बघू कळेना. तुळसा पाण्यातूनच सासूला म्हणाली, "बघा मामी, माझ्या पण पायाखालनं सरली. रेटलं की सरते ती. आता खाडीला मी पण नको काय?"

महिपत धक्क्यावर बुटातलं पाणी ओतत होता, त्यानं वाकून हात दिला. "धर. पण वडू नको, नायतर मी पण येईन."

तिनं ओढलंनच!

आता सोनूबाईला हसू आवरेना. म्हणाली, "चला गो, ही दोघं सुकायच्या आत अक्षता टाका."

मी मात्र वऱ्हाड परत नेताना नवरानवरीकडे एकदाही बघितलं नाही. मित्रांनो, दुसऱ्याला रेटणारा स्वतःही जागचा हलतो, आणि वाईट वाटायचं ते होडीला! म्हणून माझ्यातून उतरताना घाई करू नका, कुणाला तरी दोर धरायला सांगा. तरी कुणी पडलंच, तर आधी हात द्या, मग हसा.