घोडीच्या दुधाची पखाल

मी एक जुनी, तडकलेली पखाल आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. सुसामीरच्या डोंगराळ कुरणावर कालिपा आजीने बकऱ्याचं कातडं शिवून, आर्चा नावाच्या डोंगरी झाडाच्या लाकडाच्या धुरात धरून मला पक्कं केलं. उन्हाळाभर माझ्या पोटात घोडीचं दूध आंबायचं. त्याचा कुमिस व्हायचा. अशक्ताला द्या, बाळंतिणीला द्या, पाहुण्याला तर आधी तोच. नको म्हणणारा आजीच्या मनातून उतरायचा. माझा तोरा काय विचारता!

एका वर्षी आजीची नात बुरुल फिकट पडली. पायांवर निळे डाग, ताप हटेना. घोड्यावरून पडली असेल, म्हणून आजीने कुमिस वाढवला. अखेर बुरुलच्या आईने तिला बिश्केक शहरातल्या इस्पितळात नेलं. रक्त तपासलं, कमरेच्या हाडातली मज्जा काढून पाहिली. ब्लड कॅन्सर निघाला.

आजी मला काठोकाठ भरून वॉर्डाच्या दाराशी हजर झाली. डॉक्टर चिनाराने वाट अडवली. तिने शांतपणे सांगितलं, की औषध आजारी पेशी मारतं, पण अंगाची राखण करणाऱ्या पेशीही मारतं. एरवी पचणारे कच्च्या दुधातले जंतू अशा वेळी जीव घेऊ शकतात.

"माझ्या हातचं पिऊन आजवर कोणी मेलं नाही," आजी म्हणाली.

"खरंय, आजी. पण तिच्या अंगात आत्ता राखणदारच नाही."

आजीचा अपमान झाला. मलाही राग आला, खोटं कशाला बोलू? तिने मला अंगणात नेऊन उपडं केलं आणि डोळे पुसले.

उपचार दोन वर्षांहून जास्त चालले. पुढे बरेचसे घरीच, गोळ्यांवर. घरी येताच बुरुल कुमिससाठी हटून बसली.

"थोडासा दे ना गं. तू कधी कुणाला नाही म्हणतेस का?"

"आता म्हणते. तुला म्हणते."

त्यानंतर घरात कुमिसच नको, म्हणून आजीने घोड्यांची धार काढणंच सोडलं. पाहुण्यांना नुसता चहा मिळू लागला. म्हातारी चिक्कू झाली, असं लोक तोंडावर म्हणाले. तिने ऐकून घेतलं. कातडं कोरडं पडलं की तडकतं, तशी मी तडकले. फार वाईट वाटलं मला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. आजाऱ्याकडे काही घेऊन जाल, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा आणि ते नाही म्हणाले तर रुसू नका. मला त्या दिवसांत कुणी जपलं नाही, म्हणून बुरुल आज शाळेत जाते.