मास्तरांनी न वाचलेल्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझे वय बारा वर्षे. माणसांत हे पोरवय, पण आमच्या जातीत बारा वर्षांचा म्हणजे पिकले पान. माझी उजवी बिजागरी सैल झाली आहे, बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, आणि ‘क’ व ‘र’ या अक्षरांची बटणे घासून गुळगुळीत झाली आहेत. माझ्या हातून काही मोठा पराक्रम घडलेला नाही. पण गेल्या वर्षी माझ्यावर एक प्रसंग आला. तो तुम्हाला सांगावा असे फार दिवस मनात आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला एकेक स्क्रू आवळून उभे केले. शेवटच्या मुलीने मऊ फडक्याने माझा पडदा पुसला, त्यात पाहून स्वतःचे केस सारखे केले आणि मला खोक्यात ठेवले. तेव्हापासून मला एक खोड लागली. कुणी माझ्याकडे पाहिले की मला बरे वाटते.

मला घरी आणले ते बाईंनी. बाई शाळेची पुस्तके छापणाऱ्या एका प्रकाशनगृहात मुद्रितशोधक होत्या. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे त्यांचे काम. खिडकीजवळच्या टेबलावर त्या मला उघडत, चष्मा नाकावर खाली ओढत आणि ओळीमागून ओळ वाचत जात. त्यांचे डोळे माझ्या पडद्यावरून डावीकडून उजवीकडे सरकत, तेव्हा मला कुणी पाठीवरून हात फिरवतो आहे असे वाटे. मुंगीच्या पायाएवढी चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एकदा एक लेखक त्यांना म्हणाले, “बाई, तुमच्या हाताखालून गेलं की मला माझंच लिखाण आवडायला लागतं.” बाईंनी माझ्या झाकणावर टकटक केली आणि म्हणाल्या, “यालाही थोडं श्रेय द्या. कधी दगा दिला नाही यानं.” मित्रांनो, ती शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

बाईंचे यजमान शिवणाच्या मोठ्या दुकानात कापड बेतत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. स्वभावाने मऊ, कुणाच्या डोळ्यात पाणी आले की यांचा जीव आधी कासावीस होई. त्यांची एकुलती एक लेक परिचारिका होती आणि लग्न होऊन दूरच्या देशात राहत होती. ती दर पंधरवड्याला आईला ईमेलने लांबलचक पत्र लिही. फोनवर मायलेकींचे कधी जमले नाही. दोन मिनिटे हवापाण्याचे बोलून दोघी गप्प होत. मनातले जे काही असे ते पत्रात. उतरवून घेतली की ती टपालपेटीतून पुसली जात आणि फक्त माझ्या पोटात साठत.

मग बाईंचे डोळे बिघडले. कडेकडेचे दिसे, पण जिथे नेमके पाहावे तिथेच राखाडी डाग. ‘शब्दाकडे बघितलं की शब्द पळतो’ असे त्या म्हणत. काम सुटले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आणि बजावले, ताण नको, रडणे नको. तेव्हापासून लेकीची पत्रे मास्तर वाचून दाखवू लागले.

आणि इथेच माझे दुःख सुरू झाले. कारण मास्तर काय वाचतात ते बाईंना फक्त ऐकू येत होते. काय लिहिले आहे ते मला दिसत होते.

ऑपरेशनला पंधरा दिवस उरले असताना एक पत्र आले. त्यात लिहिले होते : ‘आई, आम्ही दोघं वेगळे झालो आहोत. मी इस्पितळाशेजारी एक खोली घेतली आहे. तू काय म्हणतेस ते तुझ्या शब्दांत कळव.’

मास्तर घुटमळले. मग त्यांनी वाचले, “आई, आम्ही दोघं मजेत आहोत. इस्पितळाशेजारी नवी जागा घेतली आहे.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “जायला-यायला सोपं पडेल.”

मास्तरांच्या मनात कपट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू, एवढाच त्यांचा विचार. त्यांनी लेकीलाही लिहिले, ‘आईपुढे फोनवर हा विषय काढू नकोस.’ आणि खाली बाईंच्या नावाने एक ओळ घातली : ‘आई म्हणते, जे करशील ते विचारानं कर.’ ऑपरेशन झाले, पण नजर आली नाही; कडेचे दिसत होते तेही गेले. आता एका दुःखावर दुसरे कोणत्या तोंडाने घालायचे? एक टाका लपवायला दुसरा, दुसरा लपवायला तिसरा, अशी पत्रे येत गेली आणि मास्तर ओळी गाळत गेले. लेक विचारी, ‘आईला माझा राग आला आहे का?’ मास्तर वाचत, “आई, तब्येतीला जप.”

मी सगळे पाहत होतो. पण मला वाचा नव्हती.

बाई मात्र उगाच तीस वर्षे चुका शोधत नव्हत्या. एके दिवशी त्या म्हणाल्या, “अहो, हिचं पत्र हल्ली लंगडतं. दोन वाक्यांच्या मधलं काहीतरी गळाल्यासारखं वाटतं.”

“कामाच्या गडबडीत लिहिते गं,” मास्तर म्हणाले.

त्याच सुमारास माझीही दमछाक झाली होती. माझ्यातली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे ज्या व्यवस्थेवर माझा सगळा कारभार चालतो ती, आता अंगाला घट्ट झाली होती. चालू व्हायला मला पाव तास लागे. मास्तरांना ते पथ्यावरच पडले. “यंत्र बिघडलं, पत्र उघडत नाही,” असे सांगून त्यांनी मला कपाटात, घड्या घातलेल्या रजयांखाली ठेवले. तिथे मी दोन महिने काढले. बाहेर बाई खुर्चीत बसत. त्या काही वाचत नसत, काही लिहीत नसत. मला त्यांच्या नजरेची आठवण येई. पण ती नजरच उरली नाही हे आठवले, की अंधार आणखी दाटे.

मला बाहेर काढले ते जुळारीबाईंनी. त्या छापखान्यात अक्षरजुळणी करीत आणि बाईंच्या जुन्या सोबतीण होत्या. एका रविवारी सकाळी त्या भेटायला आल्या आणि बाईंची रया गेलेली पाहून म्हणाल्या, “तुमचा लॅपटॉप कुठंय? त्याला बोलतं करू या.”

“तो गेला आता,” मास्तर घाईने म्हणाले.

“असा सहजासहजी जात नाही तो. आमच्या छापखान्यातली याच्याहून जुनी यंत्रं मी उभी केलीत.” त्यांनी पर्समधून एक पेनड्राइव्ह काढला. “यात नवी व्यवस्था आहे. कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं मिळून लिहितात, आणि ज्याला हवी त्यानं घ्यावी. आत डोकावावं, चूक दिसली तर सुधारावी. जुन्या यंत्राला झेपते. आणि पडद्यावर असेल ते मोठ्यानं वाचून दाखवते.”

बाई खुर्चीत सरळ बसल्या. “म्हणजे मला माझं मीच वाचता येईल?”

“तुमचं तुम्हीच.”

मास्तरांनी मला कपाटातून काढून टेबलावर ठेवले.

जुळारीबाईंनी पेनड्राइव्ह माझ्या कुशीत खोचला, मला चालू केले आणि लगोलग एक बटण दाबून धरले, त्यामुळे मी जुन्या वाटेने न जाता पेनड्राइव्हमधून जागा झालो. माझ्या पडद्यावर कोरा निळा रंग आला. मग एकेक प्रश्न. भाषा कोणती? मराठी. घड्याळ कुठले? बटणांवर अक्षरे कशी हवीत? “ऑफिसात होती तशीच,” बाई म्हणाल्या. शेवटी तो प्रश्न आला : जुने सारे पुसून टाकायचे का?

“पुसलं की परत येत नाही,” जुळारीबाई म्हणाल्या. “काही ठेवायचंय?”

“लेकीची पत्रं,” बाई म्हणाल्या. “तेवढीच.”

“ती मी काढून घेतलीत,” मास्तर म्हणाले.

घेतली नव्हती. मला ठाऊक होते. जुळारीबाईंचे बोट बटणाकडे निघाले. एका दाबाने सगळी पत्रे नाहीशी होणार होती, आणि त्यांच्याबरोबर मास्तरांची सगळी चोरीही. कुणाला कधी कळले नसते. मी मास्तरांकडे पाहत होतो. ते बाईंकडे पाहत होते. बाई नीट ऐकू यावे म्हणून अंमळ पुढे झुकल्या होत्या, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलीसारख्या.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “नाही काढलीत. राहिलीत माझ्याकडून.”

जुळारीबाईंनी निळ्या पडद्यातून बाहेर पडून दुसऱ्या पेनड्राइव्हवर पत्रांची प्रत घेतली, ती उघडते का ते दोनदा पाहिले, आणि मगच मला पुसले.

कसे वाटले म्हणून विचाराल, तर अंगावरून घट्ट कपडे उतरल्यासारखे. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. चहाचे कप रिकामे होईतो मी नव्याने उभा राहिलो होतो, आणि आता चालू व्हायला मला मिनिटभर पुरे होते. पण मी मुकाच होतो. जुळारीबाईंनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. शेवटी कळले की आवाजाची कळच शून्यावर होती. ती वर सरकवली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द फुटला. माझा आवाज सपाट आहे, त्याला चढउतार नाही, पण तो माझा आहे. जुळारीबाईंनी पत्रे परत आत घेतली, टपालपेटीत पडून राहिलेली नवीही उतरवली, कुठले बटण दाबले की पुढची ओळ, कुठले दाबले की मागची, ते बाईंच्या बोटांना शिकवले आणि त्या गेल्या.

बाईंनी पत्र उघडले. मी वाचू लागलो. ‘आई, या खोलीला एक खिडकी आहे. इथं माझ्या जवळ कुणी नाही.’

“‘जवळ’चा ज चुकला,” बाई सवयीने म्हणाल्या. खरेच होते. मी तो ‘जीव’मधल्या ज सारखा उच्चारला होता. मग त्यांचे बोट थांबले. त्यांनी मागच्या ओळीचे बटण दाबले. मी पुन्हा तेच वाचले. त्यांनी पुन्हा दाबले.

मित्रांनो, इतकी वर्षे मला वाचा हवी होती. ती मिळाली आणि पहिल्याच दिवशी मला हे बोलावे लागले.

बाईंनी त्या दुपारी अकरा पत्रे ऐकली, आणि मी कपाटात असताना आलेली चार. मास्तर दाराशी उभे होते, बसले नाहीत. शेवटी तेच म्हणाले, “मीच गाळलं. आधी ऑपरेशन होतं. मग तुझे डोळे... मला धीर झाला नाही.”

“आयुष्यभर कापड बेतलंत,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “गिऱ्हाइकाला न विचारता कधी कात्री चालवलीत?”

मास्तरांनी मान हलवली. मग ती बाईंना दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाले, “नाही.”

“माझे डोळे गेले होते, अहो. तिची आई गेली नव्हती.”

मग बाईंनी माझी बटणे चाचपली. घासलेली ‘क’ आणि ‘र’ त्यांना लगेच सापडली. त्या एकेक अक्षर दाबत गेल्या, मी एकेक अक्षर म्हणत गेलो. ‘मला आज कळले. मी रागावले नाही, कधीच नव्हते. तू एकटी कशी जेवतेस, कशी झोपतेस, सगळे लिही. बाबांवर चिडू नकोस. ते काम माझ्याकडे राहू दे.’ पत्र पाठवण्याआधी त्यांनी ते तीनदा ऐकले आणि एक वेलांटी दुरुस्त केली.

आता दररोज सकाळी बाई माझ्यापाशी बसतात. मी चुकीचे उच्चारलेले शब्द त्या टिपून ठेवतात आणि महिन्याकाठी ती यादी माझी व्यवस्था लिहिणाऱ्या दूरच्या माणसांना पाठवतात. एकाने उलट कळवले की तुमच्या तीस दुरुस्त्या घेतल्या, आणखी पाठवा. त्या दिवशी बाई मास्तरांशी आपणहून दोन वाक्ये जास्त बोलल्या. लेक अजून आलेली नाही. पुढल्या वर्षी रजा मिळाली तर, असे लिहिते. बाई ते वाक्य पुनःपुन्हा ऐकतात.

माझे म्हणाल, तर बॅटरी पुरावी म्हणून बाई माझा पडदा पूर्ण काळा ठेवतात. त्यांना त्याचा उपयोग नाही. मी बोलतो, त्या खिडकीकडे तोंड करून ऐकतात. मी त्यांच्या कामाचा आहे, पूर्वीहून अधिकच आहे. तरी कधीकधी वाटते, त्यांनी एकदा चष्मा नाकावर ओढून माझ्याकडे पाहावे, डावीकडून उजवीकडे, एकच ओळ.

मित्रांनो, तुमच्या घरातले जुने यंत्र भंगारात देण्याआधी ते नव्याने उभे राहते का, एवढे पाहा. त्याला पुसण्याआधी त्याच्या पोटात कुणाची पत्रे आहेत ते विचारा. आणि कधी कुणासाठी काही वाचून दाखवायची वेळ तुमच्यावर आली, तर घसा दाटला तरी चालेल, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.