हातभर आभाळ

ज्येष्ठातली सांज. पश्चिमेला तांबूस, तापलेला, रागावलेला प्रकाश; प्रकाशाखाली काळंशार पाणी; पाण्यावर पांढऱ्या फेसाची धुसफुस. चैत्रभर निळं निळं हसणारा दर्या आता कपाळाला आठी घालून बसला होता. आडारवाडीच्या माणसांना ती आठी ओळखीची. ती दिसली की होड्या वर ओढायच्या आणि शाकारायच्या.

सुरूच्या बनाशी होड्यांची रांग लागली होती. लाल होडी, हिरवी होडी, शेंदरी नाळेची होडी. कुणावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप चढत होते, कुणावर ताडपत्री ताणली जात होती. दहा महिने दमलेल्या, लाटांनी लाथाडलेल्या त्या देहांवर माणसं मायेनं पांघरूण घालत होती.

एकच होडी उघडी होती. ‘सगुणा’, कुबलांची.

सगुणा हे दत्ताराम आणि विश्रामच्या आईचं नाव. आई गेली तेव्हा बापानं ते नाव होडीला दिलं, आणि मग बापही गेला. त्याच्यामागे घराची वाटणी झाली, माडांची झाली, विहिरीच्या वेळांची झाली. दोन अंगणांमधला दगडी गडगा घालताना मात्र दत्ताराम हातभर पुढे सरकला, असं विश्रामचं म्हणणं. विश्रामची नजरच हातभर वाकडी, असं दत्तारामचं. त्या हातभर मातीपायी कोर्टात दावा लागला आणि दोन सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते.

होडी तेवढी वाटता आली नाही. नाळेकडची, पुढची अर्धी विश्रामची, सुकाणाकडची अर्धी दत्तारामची, असं ठरलं, आणि एकट्यानं ती हाकता येत नसल्यामुळे दोघं रोज पहाटे तिच्यात बसत राहिले. धाकटा पुढे, जाळ्यापाशी. थोरला मागे, सुकाणूपाशी. मध्ये मुकं, खारट, दगडासारखं मौन. जाळं टाकायला शब्द लागत नाहीत आणि मासळीला भाऊबंदकी कळत नाही, म्हणून त्यांचं पोट चाललं होतं.

दत्तारामला ते मौन सवयीचं झालं होतं. खरं सांगायचं तर हवंसं झालं होतं. दिवसभरात भावाची पाठ दिसायची ती तेवढीच एक जागा होती. पण हे तो मेला तरी कबूल करणार नव्हता.

आणि आता पाऊस येणार होता. पाऊस म्हणजे गोडं पाणी. खारं पाणी लाकडाला पोसतं, गोडं पाणी लाकडाला खातं. सगुणा म्हातारी झाली होती, तिच्या मधल्या फळ्यांना दोनदा ठिगळ लागलं होतं. हा पावसाळा तिनं कोरडा काढला तर आणखी चार वर्षं निघाली असती. भिजली, तर संपली.

म्हणून दत्ताराम बाजारात गेला.

दुकानात छताला रंगांचं रान लटकत होतं. जाडजूड काळी ताडपत्री, हत्तीच्या कातडीची, पण भाव ऐकूनच माणूस पायरी उतरेल अशी. निळं प्लास्टिक, झगमगीत, हलकं, परवडणारं. जुन्या जाहिरातींचं कापड, ज्यावर कुणा पुढाऱ्याचे अर्धे दात हसत होते. दत्तारामनं काळीवर हात फिरवला, निश्वास टाकला, पुढाऱ्याच्या दातांकडे तुच्छतेनं पाहिलं आणि निळ्यापाशी थांबला. मग आपली अर्धी होडी त्यानं वितीवितीनं मोजून सांगितली. एक वीत कमी नाही, एक वीत जास्त नाही.

दुकानदार म्हातारा होता, बापाच्या ओळखीचा. कात्री धरून तो थांबला.

“हातभर ज्यास्त घे रे दत्ता. सांध्यार एकावर एक येवक व्हया. नायतर पाणी आत जातला.”

“तो हात त्येचो,” दत्ताराम म्हणाला. “त्येका घालूंदे.”

“विश्राम सकाळीच झाप घेवन गेलो. तोय ह्याच बोललो.”

दत्तारामनं मापाच्या खुणेवर बोट ठेवलं. कात्री चालली. निळ्या कापडाला हातभर कमीच लांबी मिळाली.

बाप असता तर हे झालंच नसतं. होडी शाकारताना बाप दोघांना दोन टोकांना उभं करायचा आणि स्वतः मध्ये, सांध्यावर. वारा दर्याकडून येतो, म्हणून नाळेकडचा झाप वर आणि सुकाणाकडचा खाली, हा त्याचा नेम. थोरल्या दत्तारामचा चेहरा पडला की म्हातारा हसायचा. “खालचो ल्हान नाय नि वयलो मोठो नाय रे. दोगांनी मिळान एक हात द्यायचो, मगे आभाळ भायर रवता.”

आता मध्ये कुणी नव्हतं. आता खाली जायचं म्हणजे धाकट्याच्या खाली जायचं. थोरल्या कुबलानं, गडग्याचा दावा चालू असताना, साऱ्या वाडीदेखत! दत्तारामनं आपलं निळं कापड होडीच्या मध्यापर्यंत ओढलं आणि तिथंच, रेघ मारल्यासारखं, बांधलं; दोऱ्या आवळताना ते वीतभर मागे आलं. विश्रामचे तपकिरी झापही पलीकडे तसेच वीतभर मागे थांबले होते.

अर्धी निळी, अर्धी तपकिरी. आणि मधोमध, हातभर, उघडं आभाळ.

“मधी फट रवली हा,” दत्तारामची बायको इंदू म्हणाली.

“ती माझी न्हय. त्येची.”

“पाणी काय इचारून आत येतला, फट कोणाची म्हणान?”

बायको शहाणपणाचं बोलली की दत्ताराम चालू लागायचा. तसा तो चालू लागला.

मग पाऊस आला. आला तो गेलाच नाही. कौलांवर पाऊस, माडांवर पाऊस, गडग्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच पाऊस. राखी दिवस, काळपट दिवस, दिवस म्हणावा की नाही असे दिवस. जेवताना दत्तारामला ती फट दिसायची. अंथरुणावर पडला तरी दिसायची. कौलातून एक थेंब पडला तरी तो दचकायचा, आणि इंदूनं पाहिलं की कौलांनाच शिव्या घालायचा.

आषाढात एका दुपारी पावसानं श्वास घेतला. दत्ताराम उठला. निळ्या कापडाच्या नावानं खडे फोडत त्यानं अंगावरच्या घोंगडीखाली जुन्या ताडपत्रीचा एक तुकडा लपवला. हातभर रुंदीचा. स्वतःच्या गुडघ्यावर दाबून, चोरून कापलेला. तुकडा टाकायचा आणि परतायचं, कुणी पाहायच्या आत. विश्रामला कळायचंही कारण नव्हतं.

ओली वाळू, काळे सुरू, धुक्यात बुडालेला किनारा. आणि सगुणेपाशी कुणीतरी उभं होतं.

विश्राम. भिजलेला, वाकलेला, हातात एक नवा झाप. झाप फटीवर धरून तो अदमास घेत होता. झापाचं एक टोक त्याच्या बाजूवर होतं. दुसरं टोक निळ्या कापडावर, वरून, बापाच्या नेमाप्रमाणे.

दत्तारामच्या काळजात काहीतरी हललं. आधी ते ऊन होतं, ओलं होतं. घोंगडीखालचा तुकडा त्याच्या मुठीत चुरगळला. क्षणभर, अगदी क्षणभर, तो म्हणणार होता, थांब रे, मी खालून धरतो. पण त्या ‘खालून’पाशीच त्याची जीभ अडली. धाकट्याचा झाप थोरल्याच्या कापडावर चढत होता. हातभर पुढे सरकत होता. आणि वर्षभर साचलेलं, आंबलेलं, कडू झालेलं सगळं एकदम त्याच्या तोंडाशी आलं.

“खबरदार! माझ्या कापडार तुझो झाप पडलो तर बग!”

वर्षभरानंतरचे पहिले शब्द. किनाऱ्यावरून ते गेले आणि वाऱ्यानंही ते परत आणले नाहीत.

विश्रामनं मान वळवली. त्याचे ओठ उघडले. ‘दा’ एवढं त्या ओठांवर दिसलं, आणि मिटलं. त्यानं झाप उचलला. शांतपणे, रागाहून भयंकर अशा शांतपणानं, तो लाटेत भिरकावला. मग तो निघून गेला.

दत्ताराम तिथंच उभा राहिला. तुकडा अजून त्याच्या मुठीत होता. आता टाकला तर विश्रामला वाटेल, ओरडला आणि भ्याला. तो तुकडा तसाच घरी गेला आणि चुलीमागे पडून राहिला. पाऊस पुन्हा सुरू झाला.

नारळी पुनवेचा दिवस. धुतलेलं ऊन, सोनसळी पाणी, आठी पुसलेला दर्या. वाडीत गुलाल, वाडीत नारळ, होड्याहोड्यांवर झेंडूच्या माळा. दत्तारामनं आपली दोरी सोडली. विश्रामनं आपली सोडली. निळं इकडे सरकलं, तपकिरी तिकडे सरकलं.

सुकाणाकडची अर्धी होडी कोरडी होती. नाळेकडची अर्धी कोरडी होती. दोघांनीही आपापली बाजू चोख राखली होती.

मध्ये गवत उगवलं होतं.

सुरूचा कुजका पाला, वाळू, दोन महिन्यांचं गोडं पाणी, आणि त्यावर काठापासून काठापर्यंत कोवळ्या, लुसलुशीत, निर्लज्ज हिरव्या पात्यांची पट्टी. दत्तारामनं खाली वाकून फळीवर अंगठा दाबला. अंगठा शिळ्या भाकरीत शिरावा तसा आत गेला. खालचा कणाही काळा, मऊ, मेलेला. सगुणा पुन्हा पाण्यात उतरणार नव्हती.

त्यानं वर पाहिलं. फटीपलीकडे भावाचा चेहरा होता, वर्षभरात पहिल्यांदा इतक्या जवळून दिसलेला. किती वाळला होता विश्राम. डोळे आईचे. दत्तारामच्या घशात एक हाक आली, उभी राहिली, वाट पाहत राहिली. चुलीमागचा तो तुकडा त्याला आठवला आणि हाक तिथंच बुडाली.

विश्रामनं आपले झाप खांद्यावर घेतले. दत्तारामनं आपलं निळं कापड घडी केलं, कोपऱ्याला कोपरा जुळवून. उद्याच्या पहाटे आता कुणाला कुणाची पाठ दिसणार नव्हती. भावांना होडीची जी वाटणी जमली नव्हती, ती पावसानं करून दिली होती. समसमान, कुणाची तक्रार राहू नये अशी.

दोघं दोन वाटांनी गेले. मागे माळा घातलेल्या होड्या पाण्यात उतरल्या, नारळ फुटले, लाटा हसल्या. आणि किनाऱ्यावर, दोन कोरड्या अर्ध्यांच्या मधोमध, हातभर गवत वाऱ्यावर हललं, थांबलं, पुन्हा हललं.