सोनेरी कडेचा कागद

आमच्या वहिनीसाहेबांच्या दिवाणखान्यात दर गुरुवारी साहित्याची बैठक भरायची आणि माझ्या वाट्याला चहा यायचा. मी त्यांची नणंद; लग्न जमलं नाही म्हणून भावाच्या घरी राहिलेली. अशा बाईच्या हातात किटली दिली की ती कुणाच्या नजरेत येत नाही.

बैठकीचा नियम एकच. लिहिणाऱ्याने नाव घालायचं नाही, कागद दाराजवळच्या चिनी मातीच्या भांड्यात टाकायचा, आणि वाचायचा तो दुसऱ्याने. राज्य परक्यांचं होतं आणि कोपऱ्यात त्यांचा एक खबऱ्या बसलेला असे. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. कोणी काय लिहिलं हे त्याला कधीच कळलं नाही. बिस्किटं मात्र त्याने मनापासून खाल्ली. भाऊ त्या वेळी क्लबात त्याच परक्या साहेबांशी पत्ते खेळत असे, म्हणून आमच्या घराकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नव्हतं.

मीही लिहायची. हे फक्त वहिनींना ठाऊक होतं. माझा कागद त्या नेमका बैठकीला येणाऱ्या एका छापखानेवाल्याच्या हातात वाचायला द्यायच्या. त्याच्या नखांत कायमची शाई, आणि आवाज असा की माझी साधी वाक्यंसुद्धा त्याच्या तोंडी भारदस्त व्हायची. मी किटली धरून ऐकत राहायची. मला तो आवडत होता. उगाच आढेवेढे कशाला घ्या.

नियम करताना एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. बाकीचे मिळेल त्या स्वस्त कागदावर लिहीत. मी आमच्या घरच्या, जाड, सोनेरी कडेच्या. घरात दुसरा कागदच नव्हता. छापखानेवाल्याने तो ओळखला आणि लेखिका वहिनीच, असं धरून चालला. किटलीवालीचा विचार त्याच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

तुरुंगातल्या भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीवर मी लिहिलं होतं, ते त्याने पत्रक म्हणून छापलं. तो पकडला गेला. लिहिणाऱ्याचं नाव विचारलं, मारून विचारलं; त्याने तोंड उघडलं नाही. मग त्याला आत टाकलं. वर्षं गेली. गुरुवारी माझे कागद वहिनी स्वतः वाचायच्या, छान वाचायच्या, आणि मी मनात दुसराच आवाज ऐकत बसायची.

शेवटी परके गेले, तुरुंग उघडले, आणि एका गुरुवारी तो आला. केस पिकलेले, कोट अंगावर लोंबत होता. मी कप दिला तेव्हा "आभारी आहे, ताई" म्हणाला. ताई. घ्या, इतक्या वर्षांच्या वाट पाहण्याचं हे फळ.

मग वहिनींसमोर उभा राहून त्याने ते पत्रकातलं सगळं तोंडपाठ म्हटलं. आवाज तोच होता. मी किटली खाली ठेवली. तो शेवटच्या ओळीवर आला.

"...रात्र झाली, आणि मी दार उघडंच ठेवलं."

"लावून घेतलं," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

तो वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही ताई, उघडंच. आत रोज म्हणायचो मी. कुणीतरी दार उघडं ठेवलंय, एवढ्यावरच तर दिवस काढले."

वहिनींनी माझा हात दाबला. "आता सांगून टाक," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या.

सांगायचं होतं. त्याच्या नजरेत मला एकदा तरी यायचं होतं, याहून जास्त काही मी कधी मागितलंच नव्हतं. पण मी लिहिलेली बहीण वाट पाहून थकली होती आणि तिने आतून कडी घातली होती. मी कोण हे सांगायचं, तर ती कडीही सांगावी लागली असती.

"तुमचंच बरोबर," मी म्हणाले. "मीच चुकीचं ऐकलं असेल. चहा देताना लक्ष नसतं."

"तरी म्हटलं," तो हसून म्हणाला, आणि त्याने कप पुढे केला. मी तो भरून दिला.