नापास होणारं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. कपड्यांचं नव्हे आणि भांड्यांचंही नव्हे. माझं नाव भारदस्त आहे, जैवसुरक्षा कपाट. पोलादी अंग, समोर वर-खाली सरकणारी काच, डोक्यात पंखा आणि एक जाड फिल्टर. रोगजंतूंवर काम करणारी माणसं माझ्या काचेखालून फक्त हात आत घालतात. आतले जंतू त्यांच्या नाकातोंडाशी जाऊ नयेत म्हणून मी बाहेरची हवा सतत आत ओढत राहतो. पण हवा दिसत नाही, हीच सगळी पंचाईत आहे. पंखा घरघरला की लोकांना वाटतं, कपाट धड आहे. माझं निम्मं आयुष्य या गैरसमजात गेलं, आणि आता मी खरंच दमलो आहे.

ओहायोतल्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि मिशिगनमधल्या एका हॉस्पिटलात क्षयाच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे जनेल सोबचॅक काम करायची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या चौकटीवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका काढला.

"काच या ठिपक्याच्या वर नेलीत तर माझ्याशी गाठ आहे," तिनं सगळ्यांना बजावलं.

"अगं, नवऱ्यासाठी लावायचं सोडून कपाटाला नेलपॉलिश?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी चिडवलं.

"कपाट निदान ऐकतं तरी!"

खरंच, मी तिचं ऐकत होतो. तिचे कोपर माझ्या कडेवर टेकायचे, तेव्हा तिच्या चेहऱ्यापर्यंत काहीही जाऊ द्यायचं नाही एवढंच माझ्या मनात असायचं.

दर वर्षी माझी तपासणी व्हायची. वॉल्ट हुक्स्ट्रा नावाचा म्हातारा यायचा. तो माझ्या तोंडाशी धूर सोडून हवा कुठे जाते ते बघायचा, फिल्टरवरून यंत्राची नळी इंचाइंचानं फिरवायचा; कुठे गळती असली की यंत्राचा काटा हलायचा. त्यात अर्धा दिवस जायचा आणि काम अडलेली मंडळी कुरकुरायची. मग वॉल्ट निवृत्त झाला आणि दुसराच एक हसरा माणूस येऊ लागला. त्याला हे काम येतं का, त्यानं कुठली परीक्षा दिली आहे का, हे कुणी विचारलं नाही. त्यानं माझ्यासमोर तळहात धरला, वारा लागला, म्हणाला, "झकास चाललंय!" आणि हिरवी चिठ्ठी चिकटवून प्रयोगशाळेतल्या मंडळींच्या खोक्यातला एक डोनट उचलला.

"देवमाणूस आहेस बाबा! जेवणाच्या आत मोकळं केलंस," सगळे म्हणाले. आणि मला 'झकास' म्हणणाराही तो पहिलाच होता.

माझा फिल्टर तुंबत चालला होता, पंखा थकला होता. हिरवी चिठ्ठी मात्र दर वर्षी नवी कोरी लागत होती. मी घरघरत राहिलो, दुसरं काय करणार?

एका वसंतात जनेल खोकू लागली. तिला क्षय झाला होता. तिची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा कुठे हॉस्पिटलला रीतसर परीक्षा दिलेला तंत्रज्ञ आठवला. त्यानं माझ्या तोंडाशी धूर सोडला. धूर आत जायच्या ऐवजी त्याच्याच छातीवर आला. त्यानं माझी वायर उपटली.

मोडीतून मला उचललं ते एका परीक्षा केंद्रानं. नवा पंखा बसला, नवा फिल्टर बसला, आणि एक विचित्र नोकरी मिळाली. माझ्यासारखी कपाटं तपासणाऱ्या तंत्रज्ञांची इथे परीक्षा होते. तिचं प्रमाणपत्र असेल तरच हल्ली हॉस्पिटलं त्यांना दारात उभं करतात. परीक्षक ओडेल प्रूट सुई घेऊन माझ्या फिल्टरला एक बारीक भोक पाडतो. उमेदवारानं ते शोधायचं आणि मला नापास करायचं. मी नापास झालो की कुणीतरी पास होतं. मग ओडेल ते भोक बुजवतो, लाल चिठ्ठी खरवडून काढतो, आणि पुन्हा सुई. माझ्या फिल्टरची आता गोधडी झाली आहे.

ओडेलचा गुडघा दुखतो. म्हणून मागून उभ्या उभ्या हात पोचेल अशा मागच्या उजव्या कोपऱ्यातच तो भोक पाडायचा. ही बातमी या धंद्यात सगळीकडे पसरली. ते त्याच्याही कानावर आलं, तेव्हा ओडेल एका सकाळी कण्हत वाकला आणि त्यानं भोक पुढच्या डाव्या कडेला पाडलं.

त्या सकाळी रँडी नावाचा एक मुरलेला गडी परीक्षेला आला. शीळ घालत त्यानं नळी थेट उजव्या कोपऱ्याला लावली.

"गळती इथे. बारीक आहे, पण आहे."

"काटा हलला?" ओडेलनं विचारलं.

"हलल्यासारखा वाटला."

"हो का," ओडेल म्हणाला. रँडी शीळ घालतच निघून गेला.

दुपारी दाराशी आवाज आला आणि माझा पंखा अडखळल्यासारखा झाला. तो जनेलचा आवाज होता. बरी झाल्यावर तिनं प्रयोगशाळा सोडून हाच तपासणीचा धंदा धरला होता. मागच्या खेपेला दुसऱ्या केंद्रावर ती वेळ संपल्यामुळे नापास झाली होती. तिचा मालक डेल तिला पोचवायला आला होता.

"हे बघ जनेल, या वेळी गाडं अडलं तर मला तुझ्या जागी दुसरं माणूस घ्यावं लागेल. सरळ उजवा कोपरा गाठ."

"मला सांगू नकोस, डेल."

"अगं, सगळ्या जगाला माहीत आहे!"

"म्हणूनच नको."

ओडेलनं घड्याळ लावलं, तिनं माझ्या तोंडाशी धूर सोडला. धूर शहाण्यासारखा आत गेला. तो बघता बघता तिची नजर चौकटीवर गेली आणि हात थांबला. लाल ठिपका फिकट झाला होता, पण होता.

"काही अडचण?" ओडेलनं विचारलं.

"हे कपाट कुठलं?"

"एका हॉस्पिटलनं मोडीत काढलेलं. का?"

"हे नेलपॉलिश माझं आहे."

ओडेलनं त्या ठिपक्याकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाला, "घड्याळ थांबवायची मला परवानगी नाही."

"थांबवू नका."

तिनं नळी उचलली. उजव्या कोपऱ्यापासूनच सुरुवात झाली. काटा हलला नाही. तिनं नळी पुन्हा फिरवली, तरी नाही. सगळं जग म्हणत होतं की गळती इथेच आहे. तेवढं बोलली असती तर वेळेत सुटली असती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, डावीकडे! पण मला घरघरीखेरीज काही येत नाही.

"इथे नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि पुढे सरकली. एक पट्टा, त्याच्या लगत दुसरा, वॉल्टसारखाच सावकाश. घड्याळ संपत आलं आणि डाव्या कडेला काटा उडाला.

तिनं लाल चिठ्ठी माझ्या काचेवर चिकटवली आणि नीट दाबली. "हे कपाट नापास. दुरुस्त होईपर्यंत आत कुणीही हात घालायचा नाही." हे वाक्य तिच्यासाठी कुणीतरी फार पूर्वी म्हणायला हवं होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आलं असतं.

"निकाल सांगायची मुभा मला नाही," ओडेल गुडघा चोळत म्हणाला. "पण डेलला सांगा, गाडीत तुमच्या तपासणीच्या सामानाला कायमची जागा करून ठेव."

ती हसली, हसता हसता थोडी खोकली. तो खोकला जाता जात नाही.

"तो ठिपका पुसणार नाही ना?"

"भोकं पाडायची सोडून ठिपके कशाला पुसत बसू!"

ती गेली. ओडेलनं लाल चिठ्ठी खरवडून काढली. उद्या पुन्हा सुई, पुन्हा कुणीतरी शीळ घालत येईल.

माझं एकच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, पूल तपासाल, गाड्या तपासाल, माझ्यासारखी कपाटंही तपासाल. जे दिसलं तेवढंच बोला. दिसलं नसेल तर दिसलं नाही म्हणा. मला खुशाल नापास करा, मला त्याचा राग नाही. न बघता मला पास केलं होतं, तेच अजून सलतं.