सोळा पायऱ्यांची खोली

बाबा गेल्यावर सतराव्या दिवशी मी त्यांची खोली बंद करायला बसले. ही गप्पांची खोली होती. दुकानातल्या टेबलाखाली ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर ती चालायची.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ही खोली स्वतः उभारली आणि हळूहळू तेवीस माणसं जमवली: शिंपी, रफूवाले, मेकॅनिक. बॉबिन अडलं, दोरा तुटायला लागला की इथे विचारायचं. खोली कुठल्याही कंपनीची नव्हती. पत्र कुठल्याही पेटीत टाकलं तरी पोचतं, तसा टपालासारखा खुला नियम होता आणि तो पाळणारा कुठलाही प्रोग्राम चालायचा. "घर लहान असलं तरी चालेल, किल्ली आपली हवी," असं बाबा म्हणत.

त्या घरात शिरायला मात्र सोळा पायऱ्या होत्या. बाबांनी त्या कागदावर लिहून काढल्या होत्या. अकरावी अशी: "इथे बराच वेळ काहीच होणार नाही. घाबरू नये." शेवटची सगळ्यांत अजब. येणाऱ्याच्या आणि आत असलेल्या कुणाच्या तरी पडद्यावर एकसारखी सात चित्रं उमटायची. ती फोनवर एकमेकांना सांगायची आणि जुळली तर माणूस खरा.

दुकान शनिवारी रिकामं करून द्यायचं होतं. कॉम्प्युटर घरी नेला असता, पण मग त्याची देखभाल माझ्या गळ्यात पडली असती आणि ती मला नको होती.

"अगं, हा द्राविडी प्राणायाम हवाय कशाला?" दादा म्हणाला. "सगळे ज्या अ‍ॅपवर आहेत तिथे ग्रुप काढ. लिंक पाठव, काम फत्ते."

मी ग्रुप काढला. दोन मिनिटांत बावीस जण एका बोटाने आत आले. कोटवाल्या काकांनी आल्या आल्या नाचणारं अस्वल पाठवलं.

"इतकं सोपं होतं, तर तुझ्या बाबांनी अकरा वर्षं आमचा छळ का केला गं?" त्यांनी विचारलं आणि मागोमाग दुसरं अस्वल धाडलं.

खोटं कशाला बोलू, अ‍ॅप चांगलं होतं. बाबांच्या खोलीत एक फोटो पाठवताना नाकी नऊ यायचे. इथे तो चुटकीसरशी जायचा. काकांनी मग लिंक व्याह्यांना दिली, व्याह्यांनी आणखी कुणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही एकशे चाळीस होतो आणि त्यातला एक जण गाद्या विकत होता.

तेविसाव्या होत्या रफूवाल्या मावशी. त्या काही येईनात. बाबांनी अकरा वर्षांत एकही माणूस गमावला नव्हता; मी पहिल्याच आठवड्यात गमावणार असं दिसत होतं. मी त्यांना फोन लावला.

"मावशी, नुसतं एक बटण दाबायचंय."

"बटण दाबून कुणी कुणाच्या घरात शिरतं का? तिथे मला ओळखतं कोण?"

"सगळेच की."

"तो गाद्यावाला ओळखतो? कोटवाल्याने सांगितलंय मला सगळं. मी आपली जुन्याच खोलीत येते. नवा फोन घेतलाय, म्हणून परत पायऱ्या चढतेय. अकरावीवर आहे. काहीच होत नाहीये."

"घाबरू नका," मी कागदावरचं वाचलं.

अखेर बाबांच्या पडद्यावर सात चित्रं उमटली.

"पहिला कुत्रा," मी म्हणाले.

"माझ्याकडे मेंढी आहे."

"मावशी, शेपटी बघा."

"थांब, चष्मा लावते. हं, कुत्राच. पण केस कापायला झालेत त्याचे."

छत्री, झाड, होडी जुळली. पाचव्याला मी दिवा म्हणत होते आणि त्या नासपती.

"तुझ्या बाबांशीही याच दिव्यावरून वाद घातला होता मी," त्या म्हणाल्या. "पाऊण तास. बोलता बोलता आमच्या ह्यांचा विषय निघाला. नुकतेच गेले होते तेव्हा. चित्रं राहिली बाजूला."

हे मला ठाऊक नव्हतं. तेवीस जणांना बाबांनी असंच फोनवरून, एकेकाला आत घेतलं होतं. मला वाटायचं, ते दुकानात नुसते बडबडत बसतात.

सातही जुळली. खोलीत मावशींचा शब्द आला: "आले." मी टाइप केलं: "या."



"असं नको गं करूस," मावशी फोनवर म्हणाल्या. "त्यांच्या नावाने 'या' आलं आणि काळजात धस्स झालं. तुझ्या नावाने ये."

"शनिवारी तर बंदच—"

"शनिवारचं शनिवारी बघू. आधी आत ये, मग काय बंद करायचं ते कर."

मी माझ्या फोनवर सोळा पायऱ्या चढले. अकरावीवर चांगली घाबरले. सोळावीवर मावशींनी माझी शाळा घेतली: "चटकन नको सांगूस. नीट बघ." हत्ती, टोपी, घंटा... सात चित्रांनंतर त्या म्हणाल्या, "हं, तूच आहेस."

मग मी बाबांच्या खात्यातून बाहेर पडले. यादीत त्यांच्या नावापुढचा 'हजर' हा शब्द गेला. बाबा गेल्यापासून तो तिथेच होता. कॉम्प्युटर कुणी बंद केलाच नव्हता.

थोड्या वेळाने खोलीत मावशींची एक ओळ उमटली: "मखमलीवर दोरा घसरतोय. काय करू?"

मला कुठून येणार? मी बाबांची जुनी उत्तरं उघडली. त्यांत शोधायची सोय अर्थातच नव्हती. "थांबा, वेळ लागेल," मी लिहिलं.

"मला कुठे जायचंय," मावशींनी लिहिलं.

दादा खोकी घेऊन आला. "हा डबा भंगारात ना?"

"माझ्या घरी."

"आणि चालवणार कोण?"

"सध्या दोघी आहोत," मी म्हणाले आणि बाबांची उत्तरं अगदी पहिल्या वर्षापासून वाचायला घेतली.